मौन : व्रताचे आणि घरातले

जैन आचारात मौनाला मानाचे स्थान आहे. तीन गुप्तींमध्ये वचनगुप्ती येते, पाच समितींमध्ये भाषासमिती येते, आणि मौन एकादशीचा उपवास अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. व्यापारातही मितभाषी माणसाची पत अधिक. भाव, नफा, उधारी आणि तोटा यांची वाच्यता चारचौघांत करू नये, हा धडा मुलाला गादीवर बसताच मिळतो. हे दोन्ही संस्कार हितकारक आहेत. मात्र दुकान बंद करून घरी आलेला पुरुष तेच मौन जेवणाच्या ताटापर्यंत आणि शय्यागृहापर्यंत घेऊन येतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. व्रताचे मौन समजून-उमजून घेतलेले असते, त्याला मुदत असते आणि ते कोणाविरुद्ध नसते. घरातल्या मौनाला यांपैकी एकही गोष्ट लागू पडत नाही. पतिपत्नींना एकत्र बसवून समुपदेशन करणाऱ्या व्यक्तीचे पुष्कळसे काम या दुसऱ्या मौनाशी असते.

अशा प्रकरणांचे स्वरूप एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. जिल्ह्याच्या गावातील एक कापडव्यापारी, वय पंचेचाळीस. आई, धाकटा भाऊ आणि भावजय एकाच घरात. समुपदेशकाची वेळ पत्नीने मागितलेली. पती आला तो केवळ तिच्या आग्रहास्तव. पत्नी म्हणते, “आठ महिने झाले, हे माझ्याशी धड बोलत नाहीत. काही विचारलं की उठून गच्चीवर जातात.” पती शांतपणे म्हणतो, “मॅडम, मला कसलं व्यसन नाही. घरात काही कमी नाही. हिलाच जरा समजावून सांगा.”

येथे घरातील वडीलधारी व्यक्ती असती, तर तिने लगेच निवाडा दिला असता. समुपदेशक निवाडा देत नाही. तो किंवा ती प्रथम दोघांचे एकत्र ऐकते आणि नंतर दोघांना स्वतंत्रपणे भेटते. स्वतंत्र भेटीत पुरुषाला “तुमच्या भावना सांगा” असे विचारले, तर बहुधा काहीच उत्तर येत नाही, कारण त्या भाषेचा सराव त्याला नसतो. म्हणून प्रश्न साधे असतात. झोप किती लागते? पहाटे किती वाजता जाग येते? जेवण जाते का? छातीवर दडपण येते का? दोघे शेवटचे निवांत केव्हा बसलात? अशा उत्तरांतून हळूहळू खरी गोष्ट बाहेर येते. दोन मोठ्या गिऱ्हाइकांकडे रक्कम अडकली होती. देणी भागवण्यासाठी त्याने पत्नीचे सोने बँकेत तारण ठेवले. भावाला ठाऊक नाही, आईला नाही, पत्नीला तर नाहीच. पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न आहे आणि पत्नी लॉकरची किल्ली मागते आहे. तिला मात्र भलताच संशय : यांच्या आयुष्यात दुसरे कोणी आले असावे.

समुपदेशक हे गुपित आपण होऊन पत्नीला सांगत नाही. पुरुषाने ते स्वतःच्या तोंडाने सांगावे, इतके बळ त्याला देणे हे तिचे काम. त्यासाठी कधी दोन भेटी लागतात, कधी पाच. या उदाहरणातील पतीने अखेर सांगितले, तेव्हा पत्नी रडली आणि रागावलीही. “सोनं ठेवलंत याचा राग आहेच,” ती म्हणाली, “पण आठ महिने मी मनात वेगळंच काही धरून बसले होते. ते कोण भरून देणार?” एका कबुलीने संसार सावरत नाही. बोलण्याची सुरुवात मात्र तिथून होते.

पुरुष असा गप्प का होतो, याचा दीर्घ अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी केला. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९८६ मध्ये त्यांनी घरासारखी सजवलेली प्रयोगशाळा उभारली. तेथे जोडप्यांचे संभाषण चित्रित केले जाई आणि हृदयाचे ठोकेही नोंदले जात. संसार पोखरणारी चार वर्तने त्यांनी वेगळी काढली : स्वभावावरच घाव घालणारी टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि भिंतीसारखे निर्विकार होणे. शेवटच्या प्रकारात पुरुषांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आढळले. विशेष म्हणजे भिंत झालेला पुरुष बाहेरून थंड दिसला, तरी आतून तसा नसतो. ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे जातात, आणि त्या अवस्थेत समोरच्याचे ऐकणे व विचार करून उत्तर देणे कोणालाही कठीण जाते. पत्नीला वाटते, यांना माझी पर्वा नाही. पतीला वाटते, तोंड उघडले तर अनर्थ होईल. दोघेही एकाच मौनाचा वेगवेगळा अर्थ लावतात.

यावरचा उपायही त्याच अभ्यासातून निघाला. एका प्रयोगात पंधरा मिनिटांच्या वादानंतर जोडप्यांना सांगितले, यंत्रे नीट करायची आहेत, तोवर विषय बाजूला ठेवून मासिके वाचत बसा. अर्ध्या तासाने चर्चा पुन्हा सुरू झाली, तेव्हा ठोके उतरले होते आणि बोलणे अधिक समंजस झाले होते. म्हणून समुपदेशक पुरुषाला उठून जाण्यास मनाई करीत नाही; उठण्याची रीत शिकवतो. “मला अर्धा तास दे, साडेनऊला पुन्हा बसू” असे सांगून उठावे, आणि साडेनऊला खरोखर बसावे. तो अर्धा तास मनात वाद घोळवण्यात घालवू नये. ज्याला सामायिकाचा अभ्यास आहे, त्याला ही शिस्त परकी नाही. अठ्ठेचाळीस मिनिटे समभावात बसण्याची सवय इथे कामी येते. अट एकच : बैठकीनंतर संवाद झाला पाहिजे, नाहीतर सामायिकही पळवाट ठरते.

गॉटमन यांचा आणखी एक निष्कर्ष व्यापारी मनाला चटकन पटावा. दांपत्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात. स्वभाव, सवयी आणि नातलग यांतून ते उद्‌भवतात आणि पूर्ण मिटत नाहीत. सुखी जोडप्यांतही ते असतात. फरक इतकाच, की वादाच्या वेळीसुद्धा त्यांच्यात एका कटू गोष्टीमागे सुमारे पाच गोड गोष्टी घडतात : एखादे हसू, एखादा होकार, “तुझंही बरोबर आहे” असे एखादे वाक्य. अनेकान्ताचा उच्चार व्याख्यानात सोपा असतो. त्याची खरी परीक्षा होते ती पत्नीच्या बोलण्यातही सत्याचा अंश आहे, हे मान्य करण्यात.

पुरुषांच्या मौनाची किंमत कधीकधी संसाराहून मोठी असते. पुरुषांतील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून, अतिकामातून, व्यसनातून किंवा बेफिकीर सौद्यांतून दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, आणि दर दहांतील सात पुरुषांच्या होत्या. म्हणून समुपदेशक जगण्याच्या इच्छेविषयीचा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारतो, आणि गरज दिसल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. औषध देणे हे समुपदेशकाचे काम नव्हे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते.

या कामाला मर्यादाही आहेत. घरात मारहाण असेल, तर दोघांना एकत्र बसवून तडजोड सुचवणे धोक्याचे. तेथे स्त्रीची सुरक्षितता प्रथम, आणि त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. समुपदेशकाची पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारून घेण्यात संकोच नसावा.

व्यापारी घरांत खरी अडचण येते ती अब्रूची. गोष्ट फुटली तर धाकट्या मुलीच्या सोयरिकीवर परिणाम होईल, बाजारात पत जाईल, ही भीती निराधार नाही. म्हणूनच समाजातील पंचांकडे जाण्यापेक्षा गोपनीयता पाळण्यास बांधील असलेल्या व्यक्तीकडे जाणे अधिक सुरक्षित ठरते. पंच चूक कोणाची हे ठरवतात, आणि ठरलेली गोष्ट गावभर होते. समुपदेशकाच्या खोलीत कोणी जिंकत नाही. पेढीच्या वह्या लेखापरीक्षकाला दाखवताना कोणी कमीपणा मानीत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्जखाते अनुत्पादक ठरते, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. त्याआधी अडचण सांगणाऱ्या कर्जदारापुढे मार्ग अधिक असतात, हेही तो जाणतो. संसाराच्या खात्याला तोच न्याय लागू आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयातही समुपदेशकाची तरतूद केली आहे. पण तेथवर पोहोचणारी जोडपी बहुधा फार उशिरा पोहोचतात.

श्वेतांबर परंपरेच्या कर्मग्रंथांत कषायांचे चार स्तर त्यांच्या टिकण्यावरून सांगितले आहेत : पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि आयुष्यभर. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाची मुदत याच हिशेबाशी जुळते. राग मुदतीपलीकडे धरून ठेवला, की तो अधिक खोल आणि घातक स्तराला जातो. अबोल्याचेही तसेच आहे.

संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी शेकडो जणांना क्षमायाचनेचे संदेश जातात. त्यांतील बहुतेकांशी वर्षभरात आपला वादही झालेला नसतो. ज्या व्यक्तीशी खरा हिशेब राहिलेला असतो, ती शेजारच्या खोलीत चहा गाळत असते. तिच्याजवळ जाऊन नेमक्या कोणत्या गोष्टीबद्दल क्षमा मागतो आहोत, ते नाव घेऊन सांगणे कठीण आहे. ते एकट्याने जमत नसेल, तर त्यासाठी शिकलेल्या माणसाची मदत घेण्यात कमीपणा नाही, आणि त्यासाठी पुढच्या पर्युषणाची वाट पाहण्याचेही कारण नाही.