मारतो, कारण माया आहे!

२८ एप्रिल १८१९. वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या दरीत उतरलेल्या जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला समोरच्या कड्यात एक कमान दिसली आणि अजिंठ्याचा ‘शोध’ लागला. शेजारच्या गावाचं नाव लेणापूर आहे. पण गावकऱ्यांना माहीत असणं म्हणजे शोध नव्हे, साहेबाला माहीत होणं म्हणजे शोध. असो. तर लेण्यात शिरल्यावर साहेबाने काय केलं? हात जोडले? टोपी काढली? छे! दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर त्याने आपलं नाव, पलटण आणि तारीख खरडली. ती अक्षरं आजही तिथे आहेत. देवगिरीच्या किल्ल्यावर बदामात आपलं आणि तिचं नाव कोरणाऱ्या पोरांना आपण उगाच शिव्या घालतो. त्यांचा मूळपुरुष मद्रास कॅव्हलरीत होता.

मला हा स्मिथ फार आवडतो. कारण शिकारी नावाच्या जमातीची अख्खी कुंडली त्याने एका दिवसात मांडून ठेवली आहे. जायचं जनावराच्या मागे आणि परतायचं आपलं नाव लावून. जनावर हे निमित्तमात्र. खरी भूक नावाची, आणि कॅमेरा आल्यापासून फोटोची.

आमचा मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यात वरंगळकडे १९०२ साली लॉर्ड कर्झनने वाघ मारला. लाला दीनदयाळांनी काढलेला तो फोटो प्रसिद्ध आहे: मेलेला वाघ, उभे साहेब, सोबत मडमसाहेब. अशा शिकारीत मचाण बांधणारे वेगळे, बोकड बांधणारे वेगळे, ढोल-ताशे बडवत रान उठवणारे हाकारे शेकड्यांनी. सगळी व्यवस्था चोख झाली की साहेबाने फक्त चाप ओढायचा. याला पराक्रम म्हणायचं असेल तर जेवायला बसलेल्या नवरदेवालाही आचारी म्हणावं लागेल.

आता आफ्रिकेत चला. तिथल्या बऱ्याच देशांत शिकारीचा हा धंदा आजही कायदेशीर आहे आणि वर नैतिकसुद्धा आहे म्हणे.

२०१५च्या जुलैमध्ये झिम्बाब्वेत वॉल्टर पामर नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने सेसिल नावाचा सिंह मारला. सुमारे पन्नास हजार डॉलर मोजून. आधी बाण, मग काही तासांनी शेवट. त्या सिंहाच्या गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा पट्टा होता. दंतवैद्य म्हणाला, मला कल्पना नव्हती. बरोबर आहे. समोरच्याच्या तोंडात काय आहे तेवढंच बघायची सवय. गळ्याकडे कोण बघतो?

त्याच्याही आधी, २०१२ साली, स्पेनचे राजे हुआन कार्लोस बोत्स्वानात हत्ती मारायला गेले आणि तिथे पडून खुबा मोडून घेतला. खुबा मोडला नसता तर कुणाला पत्ताही लागला नसता. देशात बेकारीने लोक टेकीला आलेले आणि राजा हत्तीच्या मागे. पण थांबा, मजा पुढे आहे. हे महाराज त्या वेळी जागतिक वन्यजीव निधीच्या स्पेन शाखेचे मानद अध्यक्ष होते! संस्थेने मग ते पदच रद्द करून टाकलं. राजाला काढण्यापेक्षा खुर्ची मोडणं सोपं. ही युक्ती आपल्याकडच्या सहकारी बँकांनी शिकण्यासारखी आहे.

आणि दक्षिण आफ्रिकेतला सिंह तर शेतीमाल आहे. पिंजऱ्यात पैदास करायची. छावा लहान असताना पर्यटकांनी मांडीवर घेऊन त्याला कुरवाळायचं. मोठा झाला की कुंपणाच्या आत सोडायचा आणि परदेशी शूरवीराने त्याला गोळी घालायची. मग हाडं आशियातल्या बाजाराला. एका देहाची तीनदा विक्री. तिथल्या सरकारने २०२१ साली हा प्रकार बंद करायचं धोरण जाहीर केलं, यावरून तोपर्यंत त्याला काय म्हणत असतील ते ओळखा. संवर्धन!

हा शब्द मी पहिल्यांदा इतक्या भक्तिभावाने उच्चारलेला ऐकला तो जालना रोडवरच्या एका लग्नाच्या पंगतीत. एक सधन गृहस्थ मोबाइलवर मेलेल्या रानरेड्याशेजारी गुडघा टेकून बसलेला स्वतःचा फोटो दाखवत होते. मी विचारलं, खाल्लात का? नाही. मग? ते म्हणाले, ‘‘अहो, आम्ही दिलेल्या पैशांवरच तिथली जंगलं उभी आहेत.’’ म्हणजे मारतो, कारण माया आहे! कौरवांनी पांडवांना लाक्षागृह बांधून दिलं तेही गृहनिर्माणाच्या कळकळीनेच असणार.

आता युक्तिवाद अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. नामिबियातल्या काही खेड्यांना शिकारीच्या शुल्कातून पैसा मिळतो, मांस मिळतं, हे खरं. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली तरी तिथली जनावरं घटलीच, हेही खरं. २०२४ साली जर्मनीत शिकारीच्या मुंडक्यांच्या आयातीवर निर्बंध घालायचं चाललं, तेव्हा बोत्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष मसीसी म्हणाले की मग वीस हजार हत्ती तुम्हीच ठेवून घ्या. टोला फर्मास होता. ज्याचं उभं पीक हत्ती तुडवतो त्याने हिशेब मांडला तर मी खाली मान घालून ऐकेन. पण त्या शेतकऱ्याची वकिली पंगतीतल्या गृहस्थांनी करावी? यांचं कुठलं पीक तुडवलं होतं रानरेड्याने?

मुळात हा प्रयोग आपण करून बसलो आहोत. आणि कुठे, तर नागपुरात! स्वातंत्र्यानंतर तिथे ॲल्विन कूपर नावाची शिकार कंपनी होती. अमेरिकी गिऱ्हाईक यायचं, डॉलर मोजायचं, मध्य भारताच्या जंगलात वाघ मारायचं आणि कातडं घेऊन घरी जायचं. अशा कंपन्या देशभर होत्या. परकीय चलन मिळतं म्हणून सरकारही खूश. गिऱ्हाइकाच्या पैशाने जनावर वाचतं हा सिद्धांत खरा असता, तर १९७० उजाडेपर्यंत नागपूरच्या सीताबर्डीवर वाघांना रहदारीचे नियम शिकवावे लागले असते. प्रत्यक्षात त्या वर्षी वाघाच्या शिकारीवर बंदी घालायची पाळी आली आणि १९७२च्या गणनेत अख्ख्या देशात वाघ निघाले १,८२७. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट. २०२२च्या गणनेत देशात ३,६८२ वाघ, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. मधल्या पन्नास वर्षांत वाघाच्या मुंडक्याचं एकही तिकीट विकलेलं नाही. (दोन्ही गणनांच्या पद्धती वेगळ्या, मान्य. पण पंगतीतल्या गृहस्थांच्या बाजूने त्या कुठल्याच पद्धतीने वळत नाहीत.)

वाघ वाढले म्हणून सगळं गोड झालं असंही नाही. यवतमाळातल्या अवनी वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी होते. त्या गावांत रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला भूतदया शिकवायची माझी छाती नाही. तिला आवरायला हवंच होतं. पण आवरायला बोलावलं कुणाला? हैदराबादच्या खासगी शिकाऱ्याला. आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री गोळी झाडली ती त्याच्या मुलाने. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने मग नियम मोडल्याचा ठपका ठेवला. सरकारच्या पदरी अख्खं वनखातं असताना वाघीण समोर आली की नबाबी आठवते, हा आमच्या रक्तातला जुना दोष.

हौसही तशीच जुनी. कोल्हापूर दरबाराने काळवीट धरायला आफ्रिकेतून चित्ते आणवले होते, कारण इथले आपण संपवत आणले होते. आणि उरलेले तीन १९४७ साली कोरिया संस्थानाच्या महाराजांनी टिपले, असं इतिहास सांगतो. मग १७ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे आमच्या मुक्तिसंग्राम दिनी, नामिबियाचे आठ चित्ते हवाईमार्गे मध्य प्रदेशातल्या कुनोत आले. समोर पुन्हा कॅमेरा. या वेळी बंदूक नव्हती, एवढी सुधारणा मान्य करायला हवी.

पुढच्या वर्षी त्याच सुमाराला आमच्या छत्रपती संभाजीनगरातही सोहळा झाला. सिद्धार्थ उद्यानातल्या वाघाच्या तीन पिल्लांचं बारसं. चिठ्ठ्या उचलायला कोण? मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आणि वनमंत्री. वनमंत्र्यांच्या हाती नेमकी ‘आदित्य’ अशी चिठ्ठी आली. आता सत्ताधाऱ्यांच्या वाघाला विरोधकांच्या युवराजाचं नाव कसं चालेल? दुसरी चिठ्ठी निघाली आणि पिल्लू ‘कान्हा’ झालं. पिल्लाला यातलं काही कळलं नाही, हे त्याचं भाग्य.

याच जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात २०२१ साली कॅमेऱ्यात एक वाघ आला होता. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो चालत आला. रस्ते, रूळ, कपाशी, माणसं, सगळं ओलांडून. गौताळ्यात वाघ दिसला तो १९४०नंतर पहिल्यांदाच, असं वनखातं म्हणालं. त्याला कुणी परवाना विकला नव्हता, कुणी मुंडक्याची बोली लावली नव्हती. वाट थोडी मोकळी सापडली, म्हणून तो आला.

बोलीवरून शेवटचं. २०१४ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना साडेतीन लाख डॉलरला लिलावात गेला. पैसे गेंड्यांच्या रक्षणासाठी, असं जाहीर झालं, आणि पुढच्या वर्षी घेणाऱ्याने तो गेंडा खरोखर मारला. तेव्हा पुढच्या लग्नात तुमच्या पानाशेजारी असा कुणी मोबाइल उघडून बसला, तर चिडू नका, जिलेबी वाढा आणि एवढंच विचारा: अहो, पैसे जंगलालाच द्यायचे होते, तर ते देऊन गोळी खिशात ठेवायला काय हरकत होती?