थकबाकीची माफी

वस्तु व सेवा कर येण्यापूर्वींच्या, म्हणजे ३० जून २०१७ पर्यंतच्या करांची थकबाकी मिटविण्याकरितां महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं कायदा केला. एखाद्या वर्षाची थकबाकी २ लाखांच्या आंत असेल तर ती साफ माफ झाली. ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीदारास शेंकडा २० एकरकमी भरून मोकळें होतां आलें. लहान दुकानदाराच्या मानेवरचें जुनें ओझें उतरलें, याचा आम्हांस संतोषच आहे. अशा रकमांसाठीं वर्षानुवर्षें अपिलें चालविणें सरकारासही परवडणारें नव्हतें.

परंतु आमच्या कोपरगांवच्या पेठेंत ज्यानें प्रसंगीं उसनवारी करून मुदतींत चलन भरलें, त्याच्या पदरांत काय पडलें? २०१६, २०१९, २०२२ आणि पुन्हां २०२३! आठ वर्षांत चार वेळां सवलत मिळाल्यावर, थांबलेलें बरें, असें कोणा व्यापाऱ्यास वाटलें तर त्यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा? मुळांत आकारणीचे हुकूम वेळेवर व नीट होते, तर इतकी थकबाकी सांचलीच नसती. ज्या हुकुमांवरून ती निघाली, त्यांपैकीं किती अपिलांत टिकले, हें सरकारनें जिल्हावार प्रसिद्ध करावें; आणि पुढील सवलतीचें बिल मांडण्यापूर्वीं प्रामाणिक व्यापाऱ्याचे अडकलेले परतावे व्याजासह चुकते करावे.