विमानतळ झाला, वाट केव्हा होणार?

शहराची प्रतिष्ठा विमानतळावरून ठरते, असे हल्ली म्हणतात. तसे असेल तर हैदराबादकरांनी मान ताठ ठेवावयास हरकत नाही. मार्च २००८ मध्ये बेगमपेठेहून प्रवासी विमाने हलली आणि शमशाबादचा नवा तळ सुरू झाला. वर्षाला एक कोटी वीस लाख उतारूंसाठी बांधलेली इमारत पुढे वाढवून तीन कोटी चाळीस लाखांसाठी केली. स्वच्छता, उजेड, बसावयास जागा, चहाफराळ यांत उणे काढावे असे थोडेच आहे.

माझे गाऱ्हाणे इमारतीविषयी नाही. तिथवर पोचण्याविषयी आहे. तळ शहरापासून सुमारे चोवीस किलोमीटरवर. मोटारवाल्यांसाठी २००९ साली मेहदीपट्टण ते आरामघर असा साडेअकरा किलोमीटरांहून लांब उड्डाणमार्ग झाला. इतरांसाठी ‘पुष्पक’ बस आहे. तिचे उपकार मानलेच पाहिजेत. पण बस झाली तरी रस्त्यावरील गर्दीची बांधलेली. गंमत अशी, की जिथून आता प्रवासी विमाने सुटत नाहीत, त्या बेगमपेठेस लोकलचे स्थानक आहे आणि मेट्रोचेही. शमशाबादच्या तळावर मात्र दोन्ही नाहीत!

डिसेंबर २०२२ मध्ये रायदुर्गहून तळापर्यंतच्या मेट्रोची कोनशिला बसली. वर्षभराने सरकार बदलले, तो बेत मागे पडला आणि २०२४ साली नागोलवरून जाणाऱ्या मार्गाचा प्रस्ताव पुढे आला. मार्ग कोणता बरा, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. कोनशिलेवर बसून विमान गाठता येत नाही, एवढे मात्र आपल्यालाही कळते. चेन्नईस विमानतळासमोरच तिरुसुलमचे लोकल स्थानक आहे, आणि २०१६ पासून मेट्रोही तेथे जाते.

हा प्रश्न आपल्या घरचा आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. राज्ये वेगळी झाली, पण सोयरीक तुटली नाही. परदेशी लेकाकडे निघालेली नांदेड-परभणीची आजी आजही काचीगुड्यास उतरते, सुलतान बाजारातील भाच्याकडे टेकते आणि रात्रीच्या विमानाची चिंता करीत बसते. त्याच काचीगुड्याहून उमदानगरास लोहमार्ग जातो; एप्रिल २०२३ पासून लोकलही तिथवर नेली आहे. तेथून तळ अवघा सहा किलोमीटर. लोकलच्या दुसऱ्या टप्प्याच्या मूळ योजनेत हा दुवा होता. तो तेवढा राहून गेला.

मेट्रो येईल तेव्हा येवो. तोवर उमदानगरास येणाऱ्या प्रत्येक लोकलला जोडून तळाची बस असावी, तीत सामानास जागा असावी, आणि परदेशी विमाने बहुधा रात्री-पहाटे सुटतात हे ओळखून उशिराच्या गाड्या असाव्यात. यासाठी कोट्यवधींचा खर्च लागत नाही. रेल्वे, परिवहन महामंडळ आणि विमानतळाचे चालक यांनी एका टेबलाशी बसावे लागते.

जाणाऱ्याला वेशीपर्यंत पोचवावे, ही आपली रीत. आता वेसच चोवीस किलोमीटर दूर गेली आहे. मोटार नसलेल्या आईबापांनाही लेकराला तिथवर पोचविता यावे आणि रात्री सुखरूप घरी परतता यावे, एवढेच मागणे आहे.