चिन्हांची पारख

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर, वास्तुशांतीला उंबरठ्यावर, नव्या वाहनाच्या पूजेत कुंकवाच्या बोटाने रेखाटले जाणारे स्वस्तिक हिंदू घरात कुणी कुणाला शिकवावे लागत नाही. ते पाहतापाहताच अंगवळणी पडते. परंतु हेच घर जेव्हा लंडन वा मेलबर्नला जाऊन वसते, तेव्हा दारावरचे ते मंगलचिन्ह पाहून शेजारच्या ज्यू वृद्धाच्या अंगावर काटा उभा राहू शकतो. घरातील गृहिणीची श्रद्धा खरी असते आणि त्या वृद्धाची वेदनाही तितकीच खरी असते. अतिरेकी विचारांची चिन्हे समाजाने ओळखावीत कशी, या प्रश्नाचे मर्म या प्रसंगात आहे.

१९२० साली नाझी पक्षाने तांबड्या कापडावरील पांढऱ्या वर्तुळात काळे, बहुधा तिरके बसवलेले चिन्ह आपला ध्वज म्हणून स्वीकारले. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्ग येथे झालेल्या कायद्याने तोच जर्मनीचा राष्ट्रध्वज ठरला आणि त्याच्या छायेत साठ लाख ज्यूंचा संहार झाला. जर्मन भाषेत या चिन्हाला ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकडे असलेला क्रूस, असे म्हणतात. इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि ग्रंथांनी मात्र त्यासाठी ‘स्वस्तिक’ हा संस्कृत शब्द रूढ केला. ‘सु’ आणि ‘अस्ति’ यांतून सिद्ध झालेला, कल्याण सूचित करणारा शब्द अशा रीतीने एका महापातकाचे नाव होऊन बसला.

या गोंधळाचे परिणाम दूरवर झाले. २००५ साली ब्रिटनच्या एका राजपुत्राने मेजवानीत नाझी चिन्हाची पट्टी दंडावर बांधली, तेव्हा संपूर्ण युरोपात या चिन्हावर बंदी घालण्याची मागणी पुढे आली. २००७ च्या प्रारंभी जर्मनीने तो विषय पुन्हा काढला. ब्रिटनमधील हिंदू संघटनांनी संयमाने आणि अभ्यासपूर्वक आपली बाजू मांडली, आणि सरसकट बंदी टळली. त्याच वर्षी मार्च महिन्यात जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने एक मार्मिक निकाल दिला. नाझीवादाचा निषेध करण्यासाठी त्याच्या चिन्हावर फुली मारून दाखवणे हा गुन्हा नाही, असे सांगून खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा त्याने रद्द केली. ज्या देशात या चिन्हाविरुद्धचा कायदा अत्यंत कठोर आहे, तेथील न्यायासनानेही आकाराबरोबर हेतू पाहिला.

फेब्रुवारी २००८ मध्ये जेरुसलेम येथे हिंदू आणि ज्यू धर्माचार्यांची परिषद झाली. स्वस्तिक हे प्राचीन मंगलचिन्ह असून नाझींनी त्याचे विकृतीकरण केले, हे तेथील संयुक्त निवेदनात नमूद झाले. सर्वाधिक सोसलेल्या समाजाने हे मान्य करावे, याचे मोल मोठे आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ साली नाझी चिन्हाचे जाहीर प्रदर्शन दंडनीय ठरवले, तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्या धार्मिक उपयोगाला त्यातून स्पष्ट सूट दिली. हा विवेक समोरासमोर बसून केलेल्या संवादातून साधला गेला.

मग ओळखावे कसे? नुसत्या आकाराने नव्हे. रंग, रचना, स्थळ, सोबतच्या खुणा आणि वापरणाऱ्याचा हेतू या साऱ्यांचा एकत्र विचार व्हावा लागतो. चार बिंदूंसह कुंकवाने काढलेले, ‘शुभ-लाभ’ या अक्षरांच्या शेजारचे स्वस्तिक वेगळे; तीन बिंदू आणि चंद्रकोर मिरवणारे जैनांचे वेगळे; बुद्धमूर्तीच्या वक्षावरचे वेगळे. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या भिंतीवर रात्रीच्या अंधारात काळ्या रंगाने फासलेले चिन्ह मात्र धमकीच असते. आजचे नवनाझी तर उघड चिन्ह टाळून आडवाटेने खुणा करतात. विजेच्या रेघांसारखी दोन अक्षरे किंवा ‘८८’ हा आकडा त्यांच्यात चालतो; ‘एच’ हे इंग्रजी वर्णमालेतील आठवे अक्षर असल्याने त्यातून हिटलरचा जयघोष सूचित होतो. परंतु सदऱ्यावर ८८ छापलेला प्रत्येक तरुण नाझी नसतो. तो त्याचा जन्मसनही असू शकतो.

या बाबतीत स्वतःच्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे हिटलरचे नाव आणि नाझी चिन्ह मिरवणारे एक उपाहारगृह उघडले. मुंबईतील ज्यू समाजाने तीव्र खेद व्यक्त केल्यावर काही दिवसांतच ते नाव बदलण्यात आले. हिटलरचे आत्मचरित्र या देशात पदपथांवर सहज विकले जाते आणि ‘शिस्तीचा माणूस’ म्हणून त्याचे कौतुक करणारे सुशिक्षितही भेटतात. ज्या कोकणाने बेने इस्रायली बांधवांना शतकानुशतके आपले मानले, ज्यांची मुले घरी मराठीच बोलली, त्या महाराष्ट्राला हे शोभत नाही. स्वस्तिकाचे पावित्र्य जगाला पटवून द्यायचे आणि त्याची विटंबना करणाऱ्याचे गोडवेही गायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

स्वस्तिकासाठी जो न्याय मागायचा, तोच इतरांच्या चिन्हांनाही लागू केला पाहिजे. इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेच्या काळ्या ध्वजावरील शब्द हे कोट्यवधी मुसलमानांच्या श्रद्धेचे वचन आहे. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्याच्या मूळ मसुद्यात २०२३ साली या ध्वजाचा नावानिशी उल्लेख होता. मुस्लीम संघटनांनी आक्षेप घेतल्यावर तो शब्दप्रयोग बदलून बंदी घातलेल्या दहशतवादी संघटनांची चिन्हे असा करण्यात आला. संघटनेवरील बंदी कायम राहिली आणि वचन निर्दोष ठरले. महाराष्ट्रातील गावोगावच्या कार्यकर्त्यांनीही हे ध्यानी घ्यावे. पाकिस्तानच्या ध्वजावर दांडीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो. हिरव्या कापडावर केवळ चंद्रकोर आणि तारा दिसला म्हणून तो पाकिस्तानचा ध्वज ठरत नाही. अशा गैरसमजातून गावाची शांतता पणाला लागते, आणि खऱ्या देशद्रोह्याकडे बोट दाखवण्याची वेळ येते तेव्हा त्या बोटावर कुणाचा विश्वास उरत नाही.

संशयास्पद चिन्ह आढळल्यास ते कोठे, केव्हा आणि कोणत्या स्थितीत होते याची नोंद करावी, जाणत्याला विचारावे आणि पोलिसांना कळवावे. ते फाडणे, फासणे किंवा शहानिशा न करता त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पसरवणे हे जागरूकतेचे लक्षण नव्हे. परदेशी राहणाऱ्या कुटुंबांनी आपल्या मुलांना स्वस्तिकाचा अर्थ सांगताना शेजाऱ्याच्या दुःखाचा इतिहासही सांगावा, म्हणजे शाळेत प्रश्न विचारला गेल्यास त्यांना मान खाली घालावी लागणार नाही आणि उत्तरही उद्धटपणे द्यावे लागणार नाही. आपल्या दारावरील चिन्हाकडे जगाने डोळसपणे पाहावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्या समाजावर, दुसऱ्याच्या दाराकडेही तितक्याच डोळसपणे पाहण्याचे दायित्व येते.