अंगणवाडीतला कुत्र्याचा धडा
सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. कुंपण होईलही, पण अंगणवाडीतल्या मुलाची घरची वाट गल्लीतूनच जाते. दात दाखवणारे कुत्रे लहानग्यांना हसरे वाटते. उंची कमी, त्यामुळे चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो. तिथून विषाणू मेंदूत लवकर पोहोचतो. म्हणून अक्षरांआधी हे शिकवावे : खाणाऱ्या, झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही, अंगावर आले तर पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे. आणि साधा ओरखडाही घरी सांगायचा. ओरडा बसेल म्हणून मुले तो लपवतात, खरा धोका तिथेच. जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवावी, हळद-चुना भरू नये. त्याच दिवशी लस, रक्त आले असल्यास सीरमही. रेबीजची लक्षणे दिसल्यावर हाती काही उरत नाही.