दुखरा पाय आणि अधिकाऱ्याचे प्रशिक्षण

आपल्या शाळेतील मुले, आणि आता मुलीही, सैन्यदलात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहू लागली आहेत. निवड झाल्याची बातमी आली की बुद्धविहारात सत्कार होतो, गावाच्या वेशीवर फलक लागतो आणि त्या फलकावर प्रशिक्षणास जाण्यापूर्वीच त्या मुलाच्या नावाआधी 'लेफ्टनंट' अशी अक्षरे झळकतात. या आनंदात मीही सहभागी असतो. परंतु त्या फलकाविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती सत्काराच्या व्यासपीठावरून मांडता येत नाही, म्हणून स्मरणिकेत मांडतो.

निवड झाली म्हणजे कमिशन मिळाले, असे नव्हे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे, आणि त्यानंतर भूदलासाठी डेहराडूनला आणखी एक वर्ष, असा तो मार्ग आहे. या काळात पहाटेपासून रात्रीपर्यंत शरीरावर जो भार पडतो, तो बहुतेक मुलांनी पूर्वी कधीच सोसलेला नसतो. नडगीच्या हाडाला सूक्ष्म चीर जाणे, ज्याला डॉक्टर 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात, ही अशा प्रशिक्षणातील जगभरची नेहमीची दुखापत आहे. ती एका घावात होत नाही. धावताना हाडावरच्या एकाच जागी दुखते, विसावा घेतला की थांबते आणि दुसऱ्या दिवशी थोडे अधिक दुखते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसतही नाही. वेळीच सांगितले, तर बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने हाड सांधते. लपवून धावत राहिले, तर तेच हाड एके दिवशी पूर्ण मोडते.

मी लपवले होते. दुसऱ्या सत्रात उजव्या नडगीत कळ येऊ लागली, तेव्हा एमआय रूमची पायरी चढायची नाही, असे मी ठरवले. एकदा विश्रांतीची चिठ्ठी मिळाली की प्रशिक्षणाचे दिवस बुडतात, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे बुडाले की 'रेलिगेशन' होते. म्हणजे सहा महिने मागे, कनिष्ठ तुकडीत. ज्यांच्यासोबत डोक्यावरचे केस उतरवले, ते कोर्समेट पुढे निघून जाणार. पण खरे सांगायचे तर भय त्याचेही नव्हते. माझ्या पेटीत आईने पाठवलेले, आमच्या गावच्या फलकाचे छायाचित्र होते.

त्या फलकामागे इतिहास आहे आणि तो लहान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्याची दारे बंद झाली. पहिल्या महायुद्धातील थोडा काळ वगळता ती बंदच राहिली. बाबासाहेबांनी या प्रश्नाचा सतत पाठपुरावा केला आणि 1941 साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माझे आजोबा त्याच दशकात तिच्यात भरती झाले व हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरातला पहिला अधिकारी मी होणार होतो. अठरा वर्षांच्या मुलाच्या नडगीवर एवढे ओझे ठेवले, तर ते हाड दुखते आहे हे तो सांगेल कसा? आठ दिवसांच्या शिबिरात पाचव्या रात्री मी कोसळलो. दोन महिन्यांत भरून येणारी दुखापत सहा महिन्यांवर गेली. रेलिगेशन टाळण्यासाठी लपवली होती, तिच्यामुळेच रेलिगेशन झाले. पुढे कमिशन मिळाले आणि सेवाही पूर्ण झाली, हे माझे सुदैव. माझ्यासारखेच वागलेल्या सर्वांच्या वाट्याला ते आले नाही.

अशा वेळी आपल्याकडे मेजर इयान कार्डोझो यांचे उदाहरण हमखास दिले जाते. 1971 च्या युद्धात सुरुंगावर पाय पडल्यावर त्यांनी तो स्वतःच्या खुकरीने छाटला आणि पुढे कृत्रिम पायाने बटालियनचे नेतृत्व केले. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. ही माणसे वंदनीयच आहेत. तरीही प्रशिक्षणार्थ्यापुढे ही उदाहरणे ठेवताना आपण घोटाळा करतो. त्यांच्या जखमा रणांगणावरच्या होत्या आणि त्यांनी त्या कोणापासून लपवल्या नव्हत्या. त्यांच्या कथांतून 'दुखले तरी बोलू नकोस' एवढाच अर्थ मुलाच्या हाती लागत असेल, तर सांगणाऱ्याचे चुकले आहे.

वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेनंतर भन्तेजी सोण कोळिविसाची गोष्ट सांगत. चंपानगरीच्या धनिकाचा हा सुकुमार मुलगा भिक्खू झाला आणि चंक्रमण करीत इतका चालला की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेची उपमा दिली: तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. उपमा आम्हा सर्वांना पाठ होती. विनयपिटकात कथेचा पुढचा भाग आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. तथागतांनी सोणाला एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला की, संघाला मिळणार असतील तरच मी वापरीन. तेव्हा ती अनुज्ञा सर्व भिक्खूंसाठी झाली. रक्ताळलेले पाय पाहून सोणाला कोणी दुबळा म्हटले नाही. नियम बदलला.

आपल्या देशातील नियम मात्र फार उशिरा हलू लागला आहे. प्रशिक्षणात कायमचे अपंगत्व येऊन घरी पाठवलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण कमिशन मिळण्यापूर्वीच तो बाहेर पडलेला असतो. 1985 पासून असे सुमारे पाचशे कॅडेट असल्याचे वृत्त 2025 साली प्रसिद्ध झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तोवर त्यांना अपंगत्वाच्या प्रमाणानुसार महिन्याला जास्तीत जास्त चाळीस हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळत होते. उपचाराचा खर्च मात्र ज्याचा त्याने पाहायचा होता. ऑगस्ट 2025 मध्ये माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना लागू झाली. विमा, वाढीव साहाय्य आणि पुनर्वसन यांचा विचार करण्यास न्यायालयाने केंद्राला सांगितले. हे दान नव्हे, हक्क आहे, असे म्हणणारे आवाज आपल्या समाजातून फार कमी आले. शहीद जवानांच्या स्मारकांसाठी आपण वर्गणी काढतो, पण सैनिक होता होता मोडलेल्या मुलाचे घर आपल्याला ठाऊक नसते.

शाळेच्या हाती बरेच आहे. निवडीच्या तोंडावर महिनाभर मुलांना डांबरी रस्त्यावर पळवण्याऐवजी आठवीपासून मातीच्या मैदानावर हळूहळू अंतर वाढवावे. भोजनालयात दूध आणि अंडी नियमित असावीत, कारण कच्चे हाड प्रबोधिनीत जाऊन पक्के होत नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिकच निकडीचे आहे. या दुखापतीचा धोका त्यांना जास्त असतो, आणि 2022 पासून खडकवासल्याची दारे त्यांना उघडली आहेत.

पालकांना एवढीच विनंती आहे की, मुलाचा फोन आला की 'परेड कशी चालली' याआधी 'पाय कसा आहे' असे विचारावे. सहा महिने मागे पडल्याचे तो सांगू लागला, तर मध्येच 'लोक काय म्हणतील' हे शब्द येऊ देऊ नयेत. माझ्या वडिलांनी त्या वेळी एवढेच विचारले होते, "जेवतोस ना?" त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपलो.

आणि तो फलक? तो जरूर लावावा. कमिशन मिळाल्यावर लावावा.