वाचलेल्या मुलांना कायद्यात जागा कुठे?

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर विदर्भ-मराठवाड्यापासून थेट बिहार-बंगालपर्यंतची कुटुंबे आजारी लेकरू घेऊन मुक्काम करतात. शेत विकून, सावकाराचा उंबरठा झिजवून बाप मुलाला वाचवतो. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो आणि मूल बरे होते. पण तेच मूल बावीस वर्षांचे झाल्यावर कसे जगते, हे कोण विचारतो?

डॉक्टर विचारतात, हे मान्य केले पाहिजे. उपचार संपलेल्या मुलांसाठी टाटा रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. कारण औषधांची किंमत शरीर पुढे अनेक वर्षे मोजते. डॉक्सोरुबिसिनने हृदय कमकुवत होऊ शकते, सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येते, काहींना मूल होत नाही. शाळा बुडालेली असतेच. वर लग्नाच्या बाजारात ‘कॅन्सरवाली पोरगी’ हा शिक्का! हा आजार स्पर्शाने होत नाही. पण विटाळ मानायला या समाजाला कारण कधी लागले?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराला पैसा मिळतो. उपचार संपला की शासन हात काढून घेते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात आले, कर्करोगातून वाचलेले आले नाहीत. कर्करोगाने एक डोळा गेलेले मूलही ४० टक्क्यांच्या अटीत बसत नाही. म्हणजे नोकरीसाठी ते धड निरोगी नाही आणि सवलतीसाठी धड दिव्यांग नाही.

नोकरीच्या वैद्यकीय अर्जात प्रश्न असतो : पूर्वी गंभीर आजार झाला होता काय? खरे लिहिले तर नोकरी हुकण्याची भीती, लपवले तर पुढे बडतर्फीची टांगती तलवार. वकील म्हणून आम्ही ‘खरे लिहा’ असेच सांगतो. पण पाठीशी संविधानाची कलमे १४ आणि २१ सोडली तर खास तरतूद एकही नाही.

वाट मात्र दाखवलेली आहे. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणाने, काम करण्यास सक्षम माणसाला नोकरी नाकारणे घटनाबाह्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच ठरवले. पुढे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने नोकरी, शिक्षण, घरभाडे यांतील भेदभावावर बंदी आणली. संसर्गजन्य आजारासाठी संसद हे करू शकते, मग बऱ्या झालेल्या आजारासाठी का नाही? फ्रान्समध्ये २०२२ च्या कायद्याप्रमाणे उपचार संपून पाच वर्षे झाली आणि आजार उलटला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी तो सांगण्याचे बंधन नाही. आपल्या खासदार-आमदारांपैकी कुणी असे खासगी विधेयक मांडील काय?

तोवर पालकांनी एवढे करावे. उपचाराचा संपूर्ण गोषवारा, औषधांच्या मात्रांसह, रुग्णालयाकडून लेखी घेऊन जपून ठेवावा. आणि मुलाला सरकारी नोकरी नाकारली तर कारण लेखी मागावे. दिले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करावा.